लैंगिक आजारांची तपासणी : कोठे, केव्हा आणि कशी?

लोकल गाडीच्या डब्यात, एसटी स्थानकाच्या स्वच्छतागृहात किंवा उड्डाणपुलाच्या खांबावर चिकटवलेली एक जाहिरात महाराष्ट्रातील प्रत्येक शहरवासीयाच्या ओळखीची आहे. ‘गुप्तरोग’, ‘धातुविकार’, ‘हमखास इलाज’ असे ठळक अक्षरांतील शब्द आणि खाली एक दूरध्वनी क्रमांक, एवढाच तिचा मजकूर असतो. उपदंश, परमा यांसारख्या आजारांवर रामबाण उपाय असल्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने १९५४ सालीच बंदी घातली. तरीही ही जाहिरात टिकून आहे, कारण तिच्याकडे वळणारा रुग्ण टिकून आहे. मोठ्या रुग्णालयात ओळखीचे कोणी भेटेल, घरचा डॉक्टर वडिलांच्या कानावर घालेल, केसपेपरच्या खिडकीवर मोठ्याने कारण विचारले जाईल, या भीतीने तो आजार अंगावर काढतो आणि अखेर भोंदूच्या दारात जातो.

वस्तुतः याच शहरांतील शासकीय व महापालिका रुग्णालयांत या आजारांची तपासणी आणि उपचार उपलब्ध आहेत आणि त्यांतील महत्त्वाच्या चाचण्या विनामूल्य होतात. तपासणी गोपनीय ठेवली जाते. अडचण असते ती माहितीची. नेमके कोठे जावे, कोणती चाचणी करावी, संबंधानंतर किती दिवसांनी करावी आणि आलेला अहवाल कसा समजून घ्यावा, हे चारचौघांत विचारण्याची सोय नसते. त्यामुळे कोणी घाईने चाचणी करून खोट्या दिलाशावर राहतो, तर कोणी अर्थ न समजलेल्या एका शब्दाने महिनोन्महिने झोप गमावतो.

नावातच दडलेला संकोच

गरमी, परमा ही या आजारांची मराठीतील जुनी नावे. पहिला शब्द उपदंश म्हणजे सिफिलिससाठी, तर दुसरा पूयप्रमेह म्हणजे गनोरियासाठी रूढ होता. पुढे सर्वांसाठी मिळून ‘गुप्तरोग’ हा शब्द स्थिरावला आणि आजाराबरोबर त्याची चर्चाही गुप्त झाली. या मौनाविरुद्ध महाराष्ट्रात फार पूर्वी आवाज उठला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. लैंगिक आरोग्याचा विचार नीतीच्या नव्हे, तर आरोग्याच्या अंगाने करावा, ही त्यांची भूमिका होती. तिच्यापायी त्यांना खटलेही सोसावे लागले. तेव्हापासून जवळजवळ शतक लोटले. औषधे आली, चाचण्या अचूक झाल्या. परंतु रुग्णाचा संकोच फारसा कमी झालेला नाही.

हा प्रश्न किती व्यापक आहे, याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीवरून येतो. लैंगिक संबंधांतून पसरू शकणारे ३० हून अधिक जीवाणू, विषाणू व परजीवी ज्ञात आहेत. त्यांपैकी आठ प्रमुख मानले जातात. सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया व ट्रायकोमोनास हे चार योग्य औषधांनी पूर्ण बरे होतात. हिपॅटायटिस बी, हर्पिस, एचआयव्ही आणि एचपीव्ही हे उरलेले चार विषाणूजन्य आहेत. बऱ्या होऊ शकणाऱ्या चार आजारांचे २०२० या एका वर्षात जगभरात १५ ते ४९ वयोगटात सुमारे ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले, असा संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे दररोज दहा लाखांहून अधिक.

हे आजार कामाठीपुऱ्यापुरते किंवा महामार्गावरील ढाब्यांपुरते मर्यादित आहेत, हा मध्यमवर्गीय समजही सोयीचा असला तरी खरा नाही. संसर्ग माणसाचा पत्ता पाहत नाही, त्याचे शिक्षणही पाहत नाही. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या विवाहित स्त्रीलाही तो पतीकडून होऊ शकतो.

लक्षण नाही, म्हणजे आजार नाही?

तपासणीबाबतचा सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. जननेंद्रियावर जखम, लघवीच्या वाटे पू, जळजळ किंवा जांघेत गाठ आली, तरच चाचणी करावी, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात यांतील अनेक संसर्ग दीर्घकाळ निमूटपणे राहतात. क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना कोणतेही लक्षण जाणवत नाही. गनोरियाही स्त्रियांमध्ये पुष्कळदा लक्षणांविना राहतो. अंगावरून पांढरे जाणे हे नेहमीचेच म्हणून सोडून दिले जाते. मात्र उपचारांविना राहिलेला हा संसर्ग गर्भाशय व बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचतो आणि वंध्यत्वाला किंवा गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेला कारणीभूत ठरू शकतो. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षे उपचार घेणाऱ्या काही जोडप्यांच्या दुःखाचे मूळ अशा न ओळखलेल्या संसर्गात असते.

सिफिलिसची तऱ्हा आणखी फसवी आहे. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक फोड किंवा व्रण येतो. हा काळ १० ते ९० दिवस असा बदलू शकतो. बहुतेक वेळा तो व्रण दुखत नाही आणि औषध न घेताही काही आठवड्यांत भरून येतो. रुग्णाला वाटते, आजार गेला. तो गेलेला नसतो. काही काळाने तळहात व तळपायांसह अंगावर पुरळ उमटते, तेही जाते. त्यानंतर वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही. परंतु रोगजंतू शरीरात राहतो आणि पुढे काहींच्या हृदयाला, मेंदूला व मज्जासंस्थेला इजा करतो. व्रण बरा करून दाखवणाऱ्या भोंदूचे यश बव्हंशी या आपोआप भरून येण्याचे असते.

गर्भवतीला सिफिलिस असल्यास गर्भपात, मृत अर्भक किंवा जन्मतःच आजारी बाळ असे परिणाम संभवतात. ते पेनिसिलीनच्या इंजेक्शनने टाळता येतात. मात्र हा उपचार प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी सुरू व्हावा लागतो. त्यामुळेच गर्भवतीची एचआयव्ही व सिफिलिसची चाचणी पहिल्याच भेटीत करण्यावर भर दिला जातो. सातव्या महिन्यात माहेरी आल्यावर पाहू, असे म्हणून ती पुढे ढकलणे बाळाच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

जावे तरी कोठे?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतर्गत देशभरातील जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये व अनेक उपजिल्हा रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी स्वतंत्र केंद्रे आहेत. त्यांचे नाव ‘सुरक्षा क्लिनिक’. महाराष्ट्रात या कामावर महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, तर मुंबईत मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था देखरेख ठेवते. मुंबईतील केईएम, नायर, शीव व जे.जे., पुण्याचे ससून किंवा नागपूरचे मेडिकल अशा मोठ्या रुग्णालयांत जाणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे हे काम ‘त्वचा, गुप्तरोग व कुष्ठरोग’ या विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात चालते. केसपेपर काढताना ‘त्वचा विभाग’ एवढे सांगितले तरी पुरते. खिडकीवर आजाराचे वर्णन करण्याची गरज नसते. स्त्रियांना स्त्रीरोग विभागातूनही हीच सेवा मिळते. बाह्यरुग्ण विभाग सहसा सकाळी चालत असल्याने लवकर पोहोचणे श्रेयस्कर.

दुसरे ठिकाण म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. रुग्णालयाच्या फलकावर ते ‘आयसीटीसी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. येथे एचआयव्हीची चाचणी विनामूल्य होते आणि त्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीची आवश्यकता नसते. अलीकडच्या वर्षांत काही ठिकाणी ‘संपूर्ण सुरक्षा केंद्र’ या नावाने एचआयव्ही व लैंगिक आजारांविषयीच्या सेवा एकाच छताखाली आणण्यात आल्या आहेत. आपल्या परिसरातील केंद्राची माहिती १०९७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर निःशुल्क मिळते.

समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींना रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या नजरेची धास्ती अधिक असते. प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. त्यामुळे डॉक्टरला खरी माहिती सांगताना कायद्याची भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही. मुंबईत १९९४ पासून कार्यरत असलेल्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्था या समुदायांसाठी चाचणी व समुपदेशनाचे काम करतात. संबंध मुखावाटे किंवा गुदद्वारावाटे झाले असतील, तर ते सांगणे आवश्यक असते. तेथील संसर्ग केवळ लघवीच्या तपासणीत सापडत नाही. घशाचा किंवा गुदद्वाराचा नमुना घ्यावा लागतो.

खासगी प्रयोगशाळांचा पर्यायही आहे. घरी येऊन रक्त घेण्याची सोय, संगणकावर अहवाल आणि गर्दीपासून सुटका ही त्यांची जमेची बाजू. मात्र तेथे समुपदेशक नसतो. आठ-दहा चाचण्यांचा एकत्रित संच डॉक्टरला न विचारता केला, की पैसे अधिक जातात आणि गोंधळ वाढतो. हर्पिसची रक्तचाचणी हे त्याचे ठळक उदाहरण. लक्षणे नसलेल्या व्यक्तीने ती करू नये, असेच तज्ज्ञ सांगतात. तिचे निष्कर्ष अनेकदा दिशाभूल करणारे असतात. अंगावर फोड असेल, तर फोडातील द्रवाचा नमुना तपासणे अधिक विश्वासार्ह असते.

तपासणीत नेमके काय होते?

सुरक्षा क्लिनिकमध्ये प्रथम समुपदेशक बोलतो. शेवटचा संबंध केव्हा आला, निरोध वापरला होता का, जोडीदाराला काही त्रास आहे का, पूर्वी कोणती औषधे घेतली, असे प्रश्न विचारले जातात. ते चौकशीसाठी नसून कोणती चाचणी हवी हे ठरवण्यासाठी असतात. नंतर डॉक्टर प्रत्यक्ष तपासणी करतात. स्त्री रुग्णाच्या तपासणीवेळी महिला परिचारिका उपस्थित असावी, अशी मागणी करण्यात संकोच बाळगू नये.

रक्ताच्या एका नमुन्यातून सिफिलिस, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी होऊ शकते. स्राव होत असेल, तर त्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. पुरुषांमधील गनोरियाचे निदान त्यातून लगेच होऊ शकते. स्त्रियांच्या योनिस्रावाच्या अशाच तपासणीत ट्रायकोमोनास व बुरशीचा संसर्ग दिसतो.

गनोरिया व क्लॅमिडियासाठी सर्वांत अचूक मानली जाणारी चाचणी जंतूचा जनुकीय अंश शोधते. तिला ‘नॅट’ म्हणतात. पुरुषांना त्यासाठी लघवीचा सुरुवातीचा भाग द्यावा लागतो आणि त्यापूर्वी किमान एक तास लघवी केलेली नसावी. स्त्रियांना योनीमार्गाचा नमुना स्वतःही घेता येतो. ही चाचणी महाग असल्याने ती सर्व शासकीय केंद्रांवर होत नाही आणि खासगीत तिच्या संचाला हजारो रुपये पडतात.

या उणिवेवर राष्ट्रीय कार्यक्रमाने शोधलेला मार्ग म्हणजे लक्षणसमूहावर आधारित उपचार. स्राव, व्रण, ओटीपोटातील दुखणे, जांघेतील गाठ अशा लक्षणांनुसार संभाव्य जंतूंवर एकाच वेळी औषध द्यायचे, ही त्यामागील कल्पना. त्यासाठी कार्यक्रमात निरनिराळ्या रंगांचे सात औषधसंच वापरात आणले गेले. मूत्रमार्गातील स्रावासाठी करडा, योनिस्रावासाठी हिरवा, हर्पिसेतर व्रणासाठी पांढरा, हर्पिससाठी लाल, अशी त्यांची विभागणी. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता पहिल्याच भेटीत उपचार सुरू होतात, हा या पद्धतीचा मोठा लाभ. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. ज्याला लक्षणच नाही, तो या जाळ्यात सापडत नाही. म्हणून जोखमीचा संबंध आलेल्या, परंतु लक्षणे नसलेल्या व्यक्तीने स्वतःहून चाचणीची विचारणा करणे महत्त्वाचे ठरते.

घाई केली तर अहवाल फसवतो

संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसू लागेपर्यंत काही काळ जातो. या मधल्या काळाला ‘गवाक्ष काळ’ किंवा सर्रास ‘विंडो पीरियड’ म्हणतात. शनिवारी संबंध आला आणि सोमवारी रक्त तपासले, तर अहवाल निर्दोष येईल. पण त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही. सर्वसाधारणपणे पुढील कालावधी लक्षात ठेवावेत :

- एचआयव्ही : विषाणूचा अंश व प्रतिपिंडे दोन्ही शोधणाऱ्या, शिरेतील रक्तावरील चौथ्या पिढीच्या प्रयोगशाळा चाचणीत संसर्ग १८ ते ४५ दिवसांत दिसतो. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीत हा काळ २३ ते ९० दिवस.
- गनोरिया व क्लॅमिडिया : ‘नॅट’ चाचणी संबंधानंतर सुमारे दोन आठवड्यांनी. लक्षणे असल्यास थांबू नये.
- सिफिलिस : रक्तचाचणी साधारण सहा आठवड्यांनी आणि खात्रीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा.
- हिपॅटायटिस बी : सरासरी चार आठवड्यांनी; काहींमध्ये नऊ आठवड्यांपर्यंत.
- हिपॅटायटिस सी : प्रतिपिंडांची चाचणी ८ ते ११ आठवड्यांनी.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. एचआयव्हीचा धोका असलेला संबंध नुकताच आला असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर थांबून चालत नाही. संसर्ग टाळण्यासाठीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. जितक्या लवकर सुरुवात, तितका लाभ अधिक. त्यासाठी मोठ्या शासकीय रुग्णालयाचा अपघात विभाग किंवा एआरटी केंद्र तातडीने गाठावे.

गवाक्ष काळाशी निगडित आणखी एक धोकादायक प्रथा आहे. रक्तपेढीत दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि हिवताप यांसाठी तपासणी सक्तीची आहे. हे ठाऊक असलेले काही जण ‘फुकटात आणि कोणाला न कळता’ तपासणी होईल म्हणून रक्तदान करतात. संसर्ग ताजा असेल, तर तो चाचणीत निसटू शकतो आणि तेच रक्त एखाद्या अपघातग्रस्ताला किंवा थॅलेसेमियाच्या बालकाला चढवले जाऊ शकते. शंका असलेल्याने आयसीटीसीत जावे. रक्तदान शिबिरात जाऊ नये.

अहवालातील अक्षरे आणि त्यांचा अर्थ

हातात पडलेला अहवाल वाचताना सर्वाधिक गफलत सिफिलिसबाबत होते. त्यासाठी दोन प्रकारच्या चाचण्या असतात. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही पहिली. ती रोगजंतूला थेट ओळखत नाही, तर शरीरात उमटणारी प्रतिक्रिया मोजते. त्यामुळे गर्भारपण, हिवताप, कुष्ठरोग, काही संधिवातासारखे विकार किंवा वार्धक्य यांतही ती क्वचित ‘रिअॅक्टिव्ह’ येऊ शकते. म्हणून टीपीएचएसारखी जंतूविशिष्ट दुसरी चाचणी करून खात्री केली जाते. केवळ व्हीडीआरएलच्या एका कागदावरून लग्न मोडणे किंवा पत्नीच्या चारित्र्यावर संशय घेणे हा शुद्ध अन्याय होय.

उलट बाजूही समजून घ्यावी. उपचारांनी सिफिलिस बरा झाल्यावरही टीपीएचए बहुतेकांमध्ये आयुष्यभर ‘पॉझिटिव्ह’ राहते. याचा अर्थ औषध लागू पडले नाही असा नव्हे. उपचारांचा परिणाम आरपीआरच्या प्रमाणावरून कळतो. १:३२ चे १:८ झाले, म्हणजे चौपट घट झाली, तर उपचार यशस्वी होत असल्याचे मानले जाते. त्यासाठी जुने अहवाल जपून ठेवणे गरजेचे असते. घरात सापडू नयेत म्हणून ते फाडून टाकणारे रुग्ण पुढे डॉक्टरचे काम अवघड करतात.

एचआयव्हीबाबत शासकीय केंद्रांची पद्धत काटेकोर आहे. पहिली चाचणी ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ आली, तर अहवाल निगेटिव्ह दिला जातो. ती ‘रिअॅक्टिव्ह’ आली, तर त्याच नमुन्यावर निराळ्या प्रकारच्या संचांनी आणखी दोन चाचण्या होतात आणि लक्षणे नसलेल्या व्यक्तीमध्ये तिन्ही जुळल्यावरच निदान निश्चित केले जाते. खासगी प्रयोगशाळेतील एका चाचणीवर कोणीही खचून जाऊ नये. आयसीटीसीत जाऊन खात्री करून घ्यावी.

निदान निश्चित झाले, तरी आजची परिस्थिती १९८६ सालची नाही. त्या वर्षी चेन्नईत भारतातील पहिले संसर्ग उघडकीस आले, तेव्हा उपचारच नव्हते. १ एप्रिल २००४ पासून शासनाने विनामूल्य एआरटी औषधे देण्यास प्रारंभ केला आणि २०१७ पासून निदान होताच उपचार हे धोरण स्वीकारले. नियमित औषधांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली आले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले आहे.

हिपॅटायटिस सीच्या प्रतिपिंडांची चाचणीही बरे झाल्यावर पॉझिटिव्ह राहते. विषाणू खरोखर आहे का, हे आरएनए चाचणी सांगते. असल्यास साधारणतः १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात हे उपचार विनामूल्य आहेत. हिपॅटायटिस बीवर लस आहे आणि चाचणी निर्दोष आलेल्या प्रौढाने सहा महिन्यांत तीन मात्रा घेऊन आपले रक्षण करावे.

एचपीव्हीचा शोध मात्र रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत लागत नाही. ‘सर्व अहवाल निर्दोष’ या शब्दांत तो समाविष्ट नसतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या या विषाणूसाठी तिशीनंतर स्त्रियांनी गर्भाशयमुखाची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी २०२३ मध्ये ‘सर्वाव्हॅक’ ही देशी लस आणली असून, किशोरवयात घेतल्यास तिचा सर्वाधिक उपयोग होतो.

गोपनीयता हा उपकार नव्हे, हक्क

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा संसदेने २०१७ मध्ये संमत केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अंमलात आला. त्यानुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीखेरीज कोणाचीही एचआयव्ही चाचणी करता येत नाही. न्यायालयाचा आदेश किंवा दान केलेल्या रक्ताची तपासणी असे मोजके अपवाद त्यात आहेत. चाचणीपूर्वी व नंतर समुपदेशन अपेक्षित आहे. नोकरी देण्यासाठी किंवा उपचार करण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. रुग्णाची स्थिती संमतीशिवाय उघड करण्यासही कायद्याने मनाई आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत पालकांची संमती लागते.

गोपनीयता म्हणजे जोडीदाराला अंधारात ठेवणे नव्हे. स्वतः औषध घेतले आणि जोडीदाराला सांगितले नाही, तर संसर्ग काही आठवड्यांतच परत येतो. वैद्यकीय परिभाषेत ज्याला पुनःसंसर्ग म्हणतात, त्याला रुग्ण ‘औषध लागू पडत नाही’ असे म्हणतो. सुरक्षा क्लिनिकमध्ये जोडीदारासाठीही औषधे दिली जातात. ही गोष्ट घरी कशी सांगावी, हा बहुतेकांपुढचा सर्वांत कठीण प्रश्न असतो आणि त्यासाठी समुपदेशकाची मदत घेता येते. उपचार पूर्ण होईपर्यंत व त्यानंतर किमान सात दिवस दोघांनीही संबंध टाळणे आवश्यक असते.

औषध दुकानदाराचा सल्ला नको

डॉक्टरकडे न जाता परिचित औषध दुकानातून दोन-चार गोळ्या घेणे, हा भोंदूखालोखालचा लोकप्रिय मार्ग. त्याने लक्षणे दबतात, संसर्ग उरतो आणि चाचणीतही नीट सापडेनासा होतो. गनोरियाचा जंतू तर प्रतिजैविकांना झपाट्याने दाद देईनासा होत आहे. एकेकाळी सर्रास दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे त्याच्यावर निरुपयोगी ठरली आहेत. अर्धवट मात्रा घेणारा प्रत्येक रुग्ण नकळत या प्रतिकारशक्तीला खतपाणी घालतो.

नवा जोडीदार आला असेल, एकापेक्षा अधिक जोडीदार असतील, जोडीदाराला आजार आढळला असेल किंवा गर्भधारणा झाली असेल, तर तपासणी करून घ्यावी. जोखीम वारंवार येत असेल, तर दर सहा महिन्यांनी ती पुन्हा करावी. विवाहापूर्वी दोघांनी मिळून चाचणी करणे हा संशयाचा नव्हे, जबाबदारीचा भाग आहे. मात्र ती दोघांच्या संमतीने व्हावी आणि केवळ वधूपक्षावर लादली जाऊ नये.

हे लक्षात ठेवा

- केंद्राची माहिती : १०९७ (निःशुल्क).
- मोठ्या रुग्णालयात ‘त्वचा विभाग’ किंवा ‘स्त्रीरोग विभाग’ येथे विचारणा करावी. एचआयव्ही चाचणीसाठी थेट आयसीटीसी.
- तपासणीपूर्वी स्वतःहून प्रतिजैविके किंवा मलम वापरू नये. घेतले असल्यास डॉक्टरला सांगावे.
- शेवटच्या संबंधाची तारीख लक्षात ठेवून सांगावी. चाचणी केव्हा करायची, हे त्यावरच ठरते.
- पहिला अहवाल गवाक्ष काळातील असेल, तर पुन्हा चाचणीची तारीख लिहून घ्यावी आणि तोवर निरोध वापरावा.
- जुने अहवाल सांभाळून ठेवावेत.
- जोडीदाराची तपासणी व उपचार त्याच वेळी व्हावेत.